ब्लॅककरंट रायगडला कशाला?

आहाराविषयी सल्ले देणाऱ्यांच्या तोंडी अलीकडे ब्लॅककरंट हे फळ वारंवार येते. संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व, गडद जांभळ्या रंगातली अँथोसायनिन नावाची द्रव्ये, डोळ्यांना उपयोगी, रक्तदाबाला उपयोगी, जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवणारे, प्रतिकारशक्ती वाढवणारे, अशी त्याची कीर्ती सांगितली जाते आणि शेवटी सल्ला येतो की रोजच्या आहारात ते असलेच पाहिजे. मुंबईतल्या दुकानांत त्याची भुकटी, सरबत आणि गोळ्या मिळतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला, आणि मुंबईची आवडनिवड अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर पोहोचायला आता वेळ लागत नाही. त्यासोबत हा सल्लाही इथे पोहोचला आहे. माझा आक्षेप या फळाला नाही, फळ चांगले आहे. आक्षेप आहे तो सल्ल्याला. रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला, विशेषतः इथल्या लहान मुलांना आणि बायकांना, ब्लॅककरंटमधून जे हवे ते सगळे इथल्या मातीत उगवते, ताजे मिळते आणि स्वस्त मिळते. ते बाजूला ठेवून हजारो मैलांवरून आलेली भुकटी सुचवणे ही आरोग्याची चुकीची शिकवण आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी त्या फळाचे जे आहे ते त्याला देऊ. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषणतक्त्यात १०० ग्रॅम ताज्या ब्लॅककरंटमध्ये १८१ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व नोंदलेले आहे. संत्र्यात ते ५० च्या आसपास असते, म्हणजे ‘चौपट’ थोडे फुगवलेले असले तरी अगदी निराधार नाही. फळात तंतू आहेत, पोटॅशियम आहे, आणि डेल्फिनिडिन व सायनिडिन या दोन रंगद्रव्यांचे प्रमाण खरोखरच मोठे आहे. त्यावर प्रयोगही झाले आहेत. काचबिंदूच्या ३८ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन वर्षे रोज ५० मिलिग्रॅम अँथोसायनिन देऊन जपानमध्ये केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात दृष्टिक्षेत्राची हानी मंदावल्याचे दिसले. जेवणासोबत ब्लॅककरंटचा अर्क घेतला तर रक्तातली साखर सुरुवातीला थोडी सावकाश चढते, असेही काही छोट्या चाचण्यांत आढळले आहे. हे निष्कर्ष दखल घेण्याजोगे आहेत. मात्र ते मूठभर माणसांवरच्या, बहुधा ठरावीक मात्रेच्या अर्कावर केलेल्या चाचण्यांचे आहेत. सरबताच्या पेल्याला किंवा आइस्क्रीमच्या गोळ्याला ते लावता येत नाहीत.

या फळाला कीर्ती कशी मिळाली, तो इतिहास माझ्याच बाजूने साक्ष देतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची समुद्री वाहतूक अडवली आणि संत्री येईनाशी झाली. मुलांना क जीवनसत्त्व कुठून द्यायचे हा सरकारपुढचा प्रश्न होता. ब्लॅककरंट ही ब्रिटनच्या थंड हवेत सहज येणारी, परसातली झुडपे. त्यांचा रस काढून सरबत केले आणि १९४२ च्या सुमारास सरकारी योजनेतून ते लहान मुलांना फुकट वाटले. बाहेरचे फळ बंद झाल्यावर त्या देशाने आपल्या कुंपणाशी काय उगवते ते पाहिले आणि मुलांच्या तोंडी घातले. एवढी शहाणपणाची गोष्ट त्या फळाच्या नावावर आहे. आज त्याच फळाचा हवाला देऊन आपल्याला सांगितले जाते की कुंपणाशी उगवणारे सोडा आणि बाहेरचे आणा. ब्रिटनचे अनुकरणच करायचे असेल तर आपल्याकडच्या करवंदाच्या जाळीकडे आणि काजूच्या बोंडूकडे वळायला हवे.

आता आपल्यापर्यंत नेमके काय येते ते पाहू. ब्लॅककरंटच्या झुडपाला फुलण्यासाठी हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी लागते. पोलंड, रशिया, न्यूझीलंड हे त्याचे मुलूख. रेवस ते हरिहरेश्वर या दमट पट्ट्यात ते झुडूप तगले तरी फळणार नाही. ताजे फळ नाजूक, चटकन मऊ पडणारे, म्हणून ते इथे येत नाही. गोठवलेले येते ते त्यातल्या त्यात बरे, पण महाग आणि मोजक्याच दुकानांत. बाकी येते ते सरबत, जॅम, भुकटी आणि सुका मेवा. क जीवनसत्त्व उष्णता, हवा आणि उजेड यांनी नष्ट होते, हे शाळेतल्या पुस्तकातले ज्ञान आहे. तरीही ताज्या फळाचा आकडा बाटलीच्या जाहिरातीवर बिनदिक्कत चिकटवला जातो. सुक्या मेव्याच्या दुकानात ‘ब्लॅक करंट’ म्हणून मिळणारा जिन्नस तर पुष्कळदा छोटी काळी द्राक्षे सुकवलेला असतो. त्यात १०० ग्रॅमला जेमतेम पाच मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. १८१ वाचून घेतलेल्या माणसाच्या पदरात पाच पडतात.

हे कुणाच्या तरी शंकेखोरपणातून निघालेले बोलणे नाही. न्यूझीलंडमध्ये २००४ साली दोन शाळकरी मुलींनी विज्ञानाचा प्रयोग म्हणून बाजारातल्या फळपेयांमधले क जीवनसत्त्व मोजले. ब्लॅककरंटचे सर्वांत नावाजलेले पेय म्हणजे रिबेना. ‘ब्लॅककरंटमध्ये संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असते’ असे त्याच्या जाहिरातीत होते. त्याच्या तयार पेयात क जीवनसत्त्व जवळजवळ सापडलेच नाही. प्रकरण सरकारी यंत्रणेकडे आणि तिथून न्यायालयात गेले. मार्च २००७ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपनीने गुन्हे कबूल केले आणि तिला दोन लाख १७ हजार ५०० न्यूझीलंड डॉलरचा दंड झाला. जाहिरातीतले वाक्य फळापुरते खरेच होते, बाटलीत मात्र ते फळ उरले नव्हते. ज्या देशात ब्लॅककरंटची शेते आहेत तिथे ही गत, तर रायगडला पोहोचणाऱ्या भुकटीबद्दल छातीठोकपणे बोलणाऱ्यांनी थोडे थांबायला हवे.

या टप्प्यावर ब्लॅककरंटचे समर्थक क जीवनसत्त्व सोडून अँथोसायनिनचा आधार घेतात. खरी जादू त्या जांभळ्या रंगात आहे, ती द्रव्ये अँटिऑक्सिडंट आहेत आणि पेशींचे रक्षण करतात, असा युक्तिवाद होतो. त्याला दोन उत्तरे आहेत. एक, परीक्षानळीत एखादा पदार्थ ऑक्सिडीकरण रोखतो म्हणून तो शरीरातही तेच करतो असे होत नाही. खाल्लेल्या अँथोसायनिनचा फार थोडा भाग जसाच्या तसा रक्तात उतरतो, उरलेल्याचे आतड्यातले जिवाणू रूपांतर करतात. अमेरिकी कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे आकडे एकेकाळी तक्त्यात प्रसिद्ध केले होते. २०१२ मध्ये त्याच खात्याने तो तक्ता मागे घेतला. हे आकडे माणसाच्या आरोग्यावरचा परिणाम सांगत नाहीत आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असे कारण त्याने स्वतः दिले. दुसरे उत्तर आपल्या अधिक जवळचे आहे. डेल्फिनिडिन हे ब्लॅककरंटमधले मुख्य रंगद्रव्य जांभळात आहे. सायनिडिन कोकमाच्या सालीत आहे आणि करवंदातही आहे. जीभ जांभळी करणारे, फडक्यावरचा डाग न जाणारे ते हेच. प्रमाण जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमीजास्त होते, पण कुळी तीच. तेव्हा अँथोसायनिन मोलाचे असेल तर ते जूनमध्ये जांभळाखाली सडा पडून वाया जाते आहे, आणि मोलाचे नसेल तर ब्लॅककरंटच्या गोळीला इतके पैसे मोजण्याचे कारण नाही.

मूळ प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तो या सगळ्या चर्चेत कुणी विचारत नाही. इथल्या माणसाच्या शरीराला कमी काय पडते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६८.९ टक्के आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आहेत. दहापैकी सात मुले, हा आकडा दोनदा वाचावा असा आहे. रायगडच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांवर आणि डोंगरउतारावरच्या कातकरी-ठाकूर पाड्यांवर जेवण म्हणजे भात किंवा तांदळाची भाकरी, वालाची किंवा डाळीची आमटी, आणि असेल तेव्हा जवळा-सुकट. वालात, डाळीत, नाचणीत लोह आहे, पण वनस्पतीतले लोह शरीर फार कमी शोषते, बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्याही आत. धान्याच्या कोंड्यातली फायटेट आणि जेवणानंतरच्या चहातली टॅनिने ते आणखी अडवतात. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल तर ते लोहाला विरघळणाऱ्या रूपात ठेवते आणि शोषण दुपटीतिपटीने वाढू शकते. यात अट एकच, क जीवनसत्त्व त्या जेवणासोबतच पोटात गेले पाहिजे. सकाळच्या गोळीने दुपारच्या वालाचे लोह सुटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या मानकानुसार स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह आणि ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. रायगडमध्ये आंबट-गोड फळाचे खरे काम हे आहे. काचबिंदू त्यानंतर येतो.

या कामासाठी कुठले फळ? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम पेरूमध्ये दोनशेहून अधिक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे, म्हणजे ताज्या ब्लॅककरंटपेक्षा जास्त. आवळ्यात २०१७ च्या तक्त्यानुसार सुमारे २५० आहे. काजूच्या बोंडूत १८० च्या आसपास, म्हणजे ब्लॅककरंटच्या तोडीस तोड. या तिसऱ्या फळापाशी थोडे थांबतो, कारण आपली सर्वांत मोठी नासाडी तिथे आहे. फेब्रुवारी ते मे या काळात मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या काजूच्या बागांत फिरले तर झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडूंचा थर दिसतो. खालची बी पिळून काढून घेतलेली, वरचे फळ चिखलात. गोव्यात त्याची फेणी होते, आपल्याकडे ते कुजते. कारण त्याचा घशाला ओढणारा तुरटपणा. तो घालवणे अवघड नाही. फोडी करून मिठाच्या पाण्यात ठेवल्या की घसा धरत नाही. रसात भाताची पेज घालून निवळू दिली की टॅनिने तळाशी बसतात आणि वरचा रस गोड लागतो. यासाठी यंत्र लागत नाही, पातेले आणि फडके पुरते. तुरटपणा काढण्याला आणखी एक महत्त्व आहे. हीच टॅनिने लोहालाही धरून ठेवतात. ‘पॉलिफेनॉल जितके जास्त तितके चांगले’ हे ब्लॅककरंटच्या प्रचारातले सूत्र रक्तक्षयी माणसाच्या ताटाला लागू पडत नाही ते यामुळे. त्याला हवे क जीवनसत्त्व, आणि ते लिंबाच्या फोडीतही मिळते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ब्लॅककरंटवर निदान चाचण्या तरी झाल्या, तुमच्या करवंद-जांभळावर काय झाले? स्थानिक म्हणून गुणकारी, ही भावनाच नाही का? हा धोका खरा आहे, म्हणूनच स्थानिक अभिमानाने केले जाणारे दावेही मला तितकेच तपासायचे आहेत. करवंदात लोहाचे भांडार असते, १०० ग्रॅमला ३९ मिलिग्रॅम, हे वाक्य मराठी लेखांतून सर्रास फिरते. तो आकडा पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यातला आहे आणि सुकवलेल्या करवंदाचा आहे. ताज्या करवंदात नव्वद टक्के पाणी असते, त्याला तो आकडा लावणे म्हणजे रिबेनाने केलेलीच चूक उलट्या दिशेने करणे. आवळ्याचे जुने ६०० मिलिग्रॅम अजूनही च्यवनप्राशाच्या गप्पांत सांगितले जातात, नव्या मोजणीत ते निम्म्याहूनही खाली आले. जांभळाने मधुमेह बरा होतो म्हणतात. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा देऊन नियंत्रित चाचणी केली तेव्हा रक्तशर्करेवर परिणाम दिसला नाही. बियांच्या भुकटीवर भरवसा ठेवून औषध सोडणारा मधुमेही स्वतःचे नुकसान करून घेतो. कोकमाने वजन उतरते म्हणतात. कोकमाच्या जातभाई असलेल्या मलबारी चिंचेचा अर्क १३५ जाड व्यक्तींना बारा आठवडे देऊन केलेली चाचणी १९९८ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली. अर्क घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्या वजनात अर्थपूर्ण फरक नव्हता. त्यामुळे ब्लॅककरंटला हटवून करवंदाला ‘सुपरफूड’च्या गादीवर बसवावे असे मी म्हणत नाही. युरोपीय संघाने २००७ पासून ठोस, मान्य दाव्याशिवाय हा शब्द वेष्टनावर वापरण्यास मनाई केली आहे. आपल्याकडेही अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांविषयीचे नियम २०१८ पासून आहेत. ते नियम देशी भुकटीलाही लागू आहेत. पेरू, आवळा, बोंडू यांच्याबद्दल मी जे म्हणतो ते मोजलेल्या क जीवनसत्त्वापुरते आणि लोहाच्या शोषणापुरते आहे. त्या मर्यादेत पुरावा भक्कम आहे आणि त्याला जाहिरातीची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक कळवळ्याने घेतला जातो. आपल्या रानफळांना ब्रँड करा, आकर्षक डब्यात भरा, करवंद म्हणजे कोकणचे ब्लॅककरंट अशी ओळख द्या, म्हणजे फळे गोळा करणाऱ्या आदिवासी बायकांना चार पैसे मिळतील. चार पैसे मिळावेत याबद्दल दुमत नाही. एप्रिल-मे मध्ये कर्नाळ्यापासून वडखळपर्यंत रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणांत करवंदे मांडून बसलेल्या बायका पाहिल्या तर त्या द्रोणामागचे श्रम लक्षात येतात. जाळी काटेरी, काटा दुबेळक्यासारखा आणि वाळला की चामड्यातूनही जाणारा. कच्चे फळ तोडले की पांढरा चीक बोटांना चिकटतो आणि सहजी निघत नाही. एकेक फळ हाताने वेचायचे, पिकलेले तेवढेच, आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. पण ब्रँड करायचा तर टिकाऊ माल हवा, म्हणजे फळ सुकवायचे, साखरेत शिजवायचे किंवा अर्क काढायचे. ज्या ताजेपणात त्याचे पोषण आहे तोच आधी जाणार. बाटलीचा नफा बहुधा बाटली भरणाऱ्याकडे राहतो, वेचणारीला किलोमागे मिळणारी रक्कम तितक्या वेगाने वाढत नाही. त्यापेक्षा ताज्या फळाला जवळची बाजारपेठ दिली तर पैसा थेट तिच्या हातात जातो. पेण, अलिबाग, मुरूडच्या बाजारात सकाळची सावलीची जागा, शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांसाठी जेट्टीजवळ बसायची परवानगी, आणि खाणावळींनी करवंदाचे लोणचे, कोकमाचे आगळ, बोंडूचा रस जेवणात ठेवणे, या गोष्टींना कुठलाही ब्रँड लागत नाही. ज्या खाणावळीत ब्लॅककरंट मोइतो मिळतो तिथे सोलकढी मागून घ्यावी लागते, ही स्थिती गिऱ्हाईकच बदलू शकते.

रानफळे दोन महिन्यांची, मग बाकी वर्ष काय, असेही विचारले जाते. क जीवनसत्त्व शरीरात फार साठत नाही हे खरे आहे. पण किनाऱ्यावरचे वर्ष नीट पाहिले तर मोकळा महिना सापडत नाही. आवळा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाठोपाठ बोंडू, मग कैरी आणि करवंद, जूनच्या पहिल्या सरींबरोबर जांभूळ, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात दोन्ही बहरांना पेरू. लिंबू बारमाही. हिरवी मिरची, कोथिंबीर, कच्चा कांदा-कोबीची कोशिंबीर बारमाही. शेवग्याचा पाला शिजवताना थोडे जीवनसत्त्व जाते, तरी उरते ते पुष्कळ असते. वर्षभर एकाच फळावर अवलंबून राहण्याची कल्पनाच मुळात बाटलीतून आली आहे. बाग असलेल्या माणसाला ती सुचत नाही.

आणि ज्याला परवडते त्याने ब्लॅककरंट घेतले तर तुमचे काय जाते, हा शेवटचा आक्षेप. काहीच जात नाही. गोठवलेले ब्लॅककरंट आवडीने खाणाऱ्याला मी अडवणार नाही. प्रश्न सल्ल्याचा आहे. वर्तमानपत्रातला आणि दवाखान्यातला सल्ला परवडणाऱ्या घरापुरता राहत नाही, तो घरकामाला येणाऱ्या बाईच्या कानावर जातो, अंगणवाडी सेविकेच्या मोबाइलवर जातो. मुलाला ताकद यावी म्हणून जांभळ्या सरबताची बाटली घेणाऱ्या घराच्या पैशातून साखरच विकत येते, आणि त्याच पैशात आठवडाभराचे पेरू आले असते.

सल्ल्यापेक्षा मोठे संकट जमिनीवर आहे. अलिबाग आणि मुरूड तालुक्यांत बंगल्यांसाठी जमीन विकली गेली की पहिल्यांदा जेसीबी फिरतो तो करवंदाच्या जाळीवर. जाळी म्हणजे काटेरी अडगळ, असा नव्या मालकाचा समज. तिच्या जागी दगडी कुंपण आणि शोभेची झाडे येतात. गुराढोरांना अडवणारे, माती धरणारे, ससे-तित्तिरांना आसरा देणारे आणि वर्षातून एकदा गावच्या पोरांना फुकट खाऊ देणारे ते कुंपण होते. कुणाच्या तरी हाती करवंद देऊन ‘कोंबडा की कोंबडी?’ विचारायचे आणि चावून आतला रंग पाहायचा, हा खेळ खेळणारी मुले त्या खेळात जे खात होती ते बाजारातून आणून भरून निघत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या बागा आडव्या केल्या. नारळ-सुपारीच्या नुकसानीची भरपाई कमीअधिक चर्चिली गेली. परसातली जांभळे, रातांबे, पेरू पडले त्यांचा हिशेब कुठल्या पंचनाम्यात प्रमुख नव्हता, कारण ते उत्पन्न देत नव्हते, ते खाल्ले जात होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने करवंदाची ‘कोकण बोल्ड’, जांभळाची ‘कोकण बहाडोली’, कोकमाची ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ अशा जाती दिल्या आहेत. कलमे आहेत, माहिती आहे. लावायला हवीत ती त्या पडलेल्या झाडांच्या जागी.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा स्थानिक फळ द्यायचे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला गेला. तो पुन्हा सुरू व्हावा, आणि ‘स्थानिक फळ’ या दोन शब्दांचा अर्थ रायगडमध्ये पेरू, आवळा, बोंडू, करवंद असा लावला जावा. जिल्हा परिषदेने अंगणवाडीच्या आवारात दोन पेरू आणि एक आवळा लावण्याचा खर्च फार नाही. उसळीच्या ताटात लिंबाची फोड ठेवण्याचा खर्च त्याहून कमी. बिनशेतीच्या परवानगीसोबत हद्दीवरची करवंदाची जाळी राखण्याची अट घातली जावी. आणि आरोग्यावर लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की पुढच्या वेळी ब्लॅककरंटचा आकडा छापाल, तेव्हा त्याच ओळीत पेरूचा आणि बोंडूचाही छापा. वाचकाला काय विकत घ्यायचे ते तो स्वतः ठरवील.